चौकभर चुकणारे भाऊसाहेब

प्रिय ठमाबाई,

भाऊसाहेब गेले. गेल्या रविवारी, भर दुपारी, कालव्यावरच्या लोखंडी पुलाच्या मधोमध. हाल फार झाले नाहीत. डबा अगदी समोर आहे असं त्यांनी नेहमीच्या ठामपणे सांगितलं, समोर नुसतं पाणी होतं, तसं मी त्यांना म्हटलंही, तर त्यांनी एकदा बारीक 'टुक्' केलं आणि पडदा पांढराफटक पडला. मी बॅटऱ्या काढल्या, शर्टाला पुसल्या, परत घातल्या, मग जागा बदलून घातल्या. पाठीवर दोन चापट्या मारल्या. एक सायकलवाला थांबून विचारून गेला, कुणाला चक्कर आलीय का. त्यांचं वय पाहता मी पुढे फार धडपड केली नाही. अखेरच्या क्षणापर्यंत त्यांनी चुकीची दिशा सोडली नाही, म्हणजे पूर्ण शुद्धीत गेले असंच म्हणायला हवं.

हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण महिन्यापूर्वी आईने तुला आमचं सांगितलं, त्यानंतर तुझा फोन नाही आणि मीही केलेला नाही. ती बातमी आईने द्यायची असं आमच्यात ठरलं होतं, कारण तू तिची मुलगी. आम्ही वेगळे झाल्यावर मी तुझा कोण उरतो, हे मात्र तिने सांगितलं नसणार. ते तिला माहीत नाही आणि मलाही नाही. वकिलांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, मुलगी सज्ञान आहे आणि तुमची नाही, तेव्हा हा मुद्दा आपल्याकडे येतच नाही. आणि चष्मा पुसून पुढच्या मुद्द्याकडे वळले. तेव्हापासून मी फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. तुला बोलायचं नसेल तर ते मला समजून घ्यावं लागेल, आणि बोलायचं असेल तर मी काय बोलणार, या दोन्हींच्या मध्ये अडकून पडलोय. म्हणून पत्र. आणि पत्रात भाऊसाहेब, कारण ते निदान तुझ्यामाझ्या दोघांचे होते. त्यांच्याबद्दल लिहायला तिसऱ्या कुणाची सही लागत नाही.

आमचं कसं काय झालं म्हणशील, तर सांगण्यासारखं काही नाही. भांडण नाही. कधी भांडणच झालं नाही हेच शेवटी असह्य झालं, असं आई म्हणते. तुला माहीतच आहे, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कुठे काही खडखडलं नाही तर मी झाकण उघडून बघत नाही. तिने हॉस्पिटलजवळ दोन खोल्या घेतल्यात, उजेड चांगला आहे. मी जाऊन बाल्कनीच्या दाराला कडी बसवून दिली, बिजागरी कुरकुरत होती तिला तेल घातलं. आई म्हणाली, बघ, हे सगळं तू किती छान करतोस. पुढचं ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. मग आम्ही घरातल्या सामानाचे दोन ढीग केले, एक तिचा, एक माझा. भाऊसाहेब कुठल्याच ढिगात बसेनात. आई म्हणाली, ते तुम्ही दोघं बघून घ्या.

भाऊसाहेब घरात कसे आले ते तुला अर्धंच माहीत आहे. तू तेव्हा आठ-नऊ वर्षांची होतीस आणि मी तुमच्या घरात नवा होतो. आई वॉर्डची मुख्य सिस्टर, रविवारी हमखास ड्युटी. त्यामुळे रविवार उजाडला की घरात तू, मी आणि फ्रिजचा आवाज. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या दोन पेशंटांसारखे आपण सोफ्याच्या दोन टोकांना बसायचो. मी विचारायचो शाळा कशी चाललीय, तू म्हणायचीस बरी. तू विचारायचीस काम कसं चाललंय, मी म्हणायचो बरं. मग दोघं घड्याळाकडे बघायचो. एकदा तू फारच धीर करून विचारलंस, काका, लिफ्ट खाली पडत का नाही. मला इतका आनंद झाला की मी जेवायच्या टेबलावर मोठा कागद पसरून दोर, वजनं, रूळ, सगळं काढून दाखवायला लागलो. ब्रेकपर्यंत पोचलो तेव्हा तू टेबलावर डोकं टेकून गाढ झोपली होतीस. उठवावं की उचलून आत न्यावं, आणि उचललेलं तुला आवडेल की नाही, हे काही ठरेना, म्हणून मी तसाच समोर बसून राहिलो. आई आली तेव्हा आपण दोघंही झोपलेलो होतो, असं ती अजून सांगते.

त्याच आठवड्यात आमच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरने डोंगर चढायचं सोडलं. गुडघे गेले होते. त्याने दोर, बूट, पाठीवरच्या पिशव्या, सगळं वाटून टाकलं आणि माझ्या वाट्याला साबणाच्या डबीएवढं एक पिवळं यंत्र आलं. आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण कुठे उभे आहोत ते सांगणारं. फोनमध्ये तेव्हा ही सोय नव्हती. वेल्डर म्हणाला, यावर एक खेळ खेळतात, जिओकॅशिंग म्हणतात, पोरीला घेऊन जा. तो खेळ तू शेजारच्या आजींना जितका नीट सांगितलास तितका मला आजवर कुणाला सांगता आलेला नाही. तू म्हणालीस, कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश कॉम्प्युटरवर टाकतं. आपण ते यंत्रात भरायचे, यंत्र नेईल तिकडे जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि होता तसा ठेवून घरी यायचं. आजींनी विचारलं, मग डब्यात असतं काय. तू म्हणालीस, काही नाही. आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

नाव तूच ठेवलंस. आपल्या पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे, कुणीही कुठलाही रस्ता विचारला तर माहीत असो वा नसो, हात लांब करून छातीठोकपणे सांगायचे. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पहिल्याच रविवारी आपल्या यंत्राने आपल्याला एका बंद गॅरेजच्या शटरसमोर उभं करून 'पोचलात' असं जाहीर केलं, तेव्हा तू त्याच्याकडे आणि शटरकडे पाहून म्हणालीस, हे तर भाऊसाहेबच. मी हसलो. माझ्या आठवणीप्रमाणे तुझ्यासमोर मोकळेपणाने हसण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून आपण त्यांना अहो-जाहो करतो. भाऊसाहेब म्हणतायत डावीकडे वळा. भाऊसाहेब दमलेत, बॅटऱ्या दे. भाऊसाहेबांना खिशात कोंबू नकोस, मान दुखेल त्यांची.

आणि डबा सहसा सापडायचाच नाही. भाऊसाहेब 'टुक्' करायचे, बाण थांबायचा आणि आपण तिथला दगड न दगड उलथा करायचो. बाकांच्या खाली, कठड्यांच्या मागे, दिव्याच्या खांबांच्या झाकणांत. लोक बघायचे. एकदा एका बाईने तिची हरवलेली अंगठी आपल्याला शोधायला लावली, कारण आपण शोधतोच आहोत असं तिला वाटलं. ती मात्र सापडली. मी दिवसभर लिफ्टचा उंबरा मजल्याच्या उंबऱ्याशी बोटभर चुकू देत नाही, आणि ही माणसं डबा एकीकडे ठेवतात आणि आकडे दुसरीकडचे टाकतात, याचा मला मनस्वी राग यायचा. घरी आल्यावर मी वेबसाइटवर लिहायचो: 'दिलेल्या जागी डबा नाही. मालकाने लक्ष द्यावे.' दुसऱ्या दिवशी मालकाचं उत्तर यायचं, 'आहे.' पुढे फोटोही टाकायचे, डब्याचा, हसणाऱ्या मुलासकट. मी म्हणायचो, फोटो जुना असेल.

मग आपण स्वतःचे डबे लपवले आणि आपली कीर्ती झाली. वाचनालयाच्या मागच्या भिंतीतला डबा तर कुणालाच सापडेना. लांबलांबून माणसं आली आणि हात हलवत परत गेली. एकाने लिहिलं की असा लपवलेला डबा त्याने आयुष्यात पाहिला नाही, जे शब्दशः खरं होतं. मी ती ओळ तुला दोनदा वाचून दाखवली. त्याच सुमाराला वाचनालयापासून चौकभर अंतरावरच्या अग्निशमन केंद्रात अनोळखी माणसं बंबाखाली वाकून बघताना पकडली जाऊ लागली. शेवटी तिथल्या साहेबांनी गेटवर पाटीच लावली, 'येथे डबा नाही.' आपण दोघं एका रविवारी त्या पाटीसमोरून गेलो. मी तुला म्हटलं, बघ, लोक किती चुकीच्या ठिकाणी शोधतात. तू बुटाची नाडी बांधत होतीस. आता विचार करतो तर तू ती फार वेळ बांधत होतीस.

कारण त्याच वर्षी तुला डब्यांचा वास यायला लागला होता. तुझं तेरावं वर्ष सरत आलं असेल. आपण नेहमीप्रमाणे तासभर खाली वाकून वाकून कंटाळलेले असायचो, माझी कंबर धरलेली असायची, आणि तू सहज म्हटल्यासारखं म्हणायचीस, काका, जरा मावळतीच्या बाजूला बघू या का. आपण चौकभर चालत जायचो आणि डबा पुढ्यात. पहिल्यांदा मी म्हटलं, नशीब. चारपाच वेळा झाल्यावर मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं की आमच्या मुलीला नाक आहे. 'आमच्या मुलीला' असं मी तिथे म्हणायचो, तुझ्यासमोर म्हणत नसे. वेल्डरने विचारलं की नाक आहे तर तासभर आधी का लागत नाही. मी म्हणालो, वास यायला वेळ लागतो. वेल्डरला ते पटलं नाही, मला पटलं.

त्या तासाभरातच आपलं काय ते बोलणं झालं हेही मला आताच कळतंय. सोफ्यावर बसून समोरासमोर आपल्याला कधी काही जमलं नाही. दोघांचे हात पाल्यापाचोळ्यात आणि डोळे जमिनीवर असले की जमायचं. गणितात नापास झाल्याचं तू मला रेल्वेच्या पुलाखाली सांगितलंस, आईच्या आधी. तुझ्या बाबांचा वाढदिवसाला फोन येतो तेव्हा काय बोलायचं ते सुचत नाही आणि मग दिवसभर वाईट वाटतं, हे तू एका टेनिस कोर्टाच्या जाळीपाशी म्हणालीस, आणि लगेच विचारलंस, काका, हा खिळा आहे का डबी. तो खिळा होता. दातांचं काम शिकायचं, डॉक्टर व्हायचं नाही, कवळ्या घडवायच्या, हे बस डेपोच्या मागे ठरलं. मीही तुला सांगून बसलो की मला उंचीची भीती वाटते. लिफ्टवाल्याने ही गोष्ट कुणाला सांगायची नसते. वर्कशॉपमध्ये अजून कुणाला माहीत नाही.

भाऊसाहेबांची प्रकृती तोवर ढासळत गेली होती. आधी रबराचं आवरण सुटलं, ते मी लिफ्टच्या दाराच्या पट्टीने चिकटवलं. मग बॅटऱ्यांचं झाकण निसटलं, ते रबरबँडने धरून ठेवलं. 'वर'चं बटण आत गेलं, त्यामुळे वरची ओळ हवी असेल तर खाली खाली जात पूर्ण फेरी मारून वर यावं लागायचं. पडद्याच्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा डाग पडला आणि तो दर वर्षी थोडा पसरत गेला. शेवटी उत्तर दिशा त्याच्याखाली गेली. बॅटऱ्या तर ते अशा पीत होते की मी पिशवीत त्यांच्यासाठी वेगळा कप्पा ठेवला होता. एव्हाना तुझ्या फोनमध्ये हे सगळं आलं होतं. फोन माणसाला डब्याच्या पुढ्यात नेऊन सोडतो, हे मलाही ऐकून माहीत होतं. पण तू नोकरीला लागलीस, दूर गेलीस, सुट्टीला यायचीस तेव्हाही रविवारी तू फोन खिशातून काढला नाहीस. रबरबँड नीट बसवून भाऊसाहेबांनाच हातात घ्यायचीस. मी समजायचो, म्हाताऱ्याचा मान राखतेस.

गेल्या रविवारी घरात सामान बांधणारी माणसं आली होती. त्यांना त्यांचं काम येत होतं आणि मला तिथे काही काम नव्हतं. मी एका खोक्याला चिकटपट्टी लावायला गेलो तर त्यातल्या एकाने माझ्या हातून ती हळूच काढून घेतली. म्हणून मी भाऊसाहेबांना घेऊन निघालो, एकटाच. तुझ्याशिवाय मी याआधी कधी डबा शोधायला गेलेलो नव्हतो. कालव्यापाशी तासभर फिरलो, मग उगाच थांबलो, कुणीतरी मावळतीच्या बाजूला बघू म्हणेल असं वाटलं बहुतेक. ते कुणी म्हटलं नाही, आणि पुढचं तुला सुरुवातीलाच सांगितलं.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर मी त्यांना स्टेशनमागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेलं. त्या घड्याळं, कानाची यंत्रं, इस्त्र्या, काहीही करतात. डोळ्याला भिंग लावून त्यांनी भाऊसाहेबांना उघडलं, बाहेरून दोन तारा जोडल्या, आणि काय सांगू, भाऊसाहेब उठून बसले. बाई म्हणाल्या, हुरळून जाऊ नका, आतलं बोर्ड गेलंय, पाचदहा मिनिटांचे सोबती आहेत. मग त्या खाली खाली जात सगळे पर्याय बघायला लागल्या आणि एका ठिकाणी थांबून हसल्या. म्हणाल्या, अजून त्याच जुन्या नकाशावर चालवताय होय. मला काही कळेना. त्यांनी समजावलं की पृथ्वी एकच असली तरी तिची मापं काढणारे वेगवेगळे झाले, जुन्या मोजणीत आणि आताच्या मोजणीत एकाच जागेचे आकडे वेगळे येतात, म्हणून कुठली मोजणी धरायची हे यंत्राला आधी सांगावं लागतं. आधीच्या मालकाने कुठल्या तरी जुन्या कागदी नकाशासाठी ती बदलली असेल आणि परत करायची राहिली असेल. त्यामुळे यंत्रात बिघाड काही नाही. फक्त आपलं प्रत्येक ठिकाण चौकभर उगवतीकडे सरकलेलं. प्रत्येक वेळी, एकाच बाजूला, तेवढंच.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. मला पहिल्यांदा अग्निशमन केंद्राची पाटी आठवली. मग एकेक करून ती सगळी माणसं आठवली ज्यांना मी 'लक्ष द्यावे' असं लिहिलं होतं, आणि हसणाऱ्या मुलाचा तो फोटो. जगातली एवढी माणसं बरोबर होती आणि आपण दोघंच चूक होतो, हे पचवायला मला थोडा वेळ लागला. कपाळाला हात लावून मी बाईंना म्हटलं, इतक्या वर्षांत आम्हा दोघांपैकी एकाच्याही हे लक्षात येऊ नये म्हणजे कमाल आहे.

बाईंनी भिंग काढलं. म्हणाल्या, दोघांचं कशाला, मुलीला मी सांगितलं होतं की. फार वर्षं झाली. दाताला तार लावलेली, दप्तर पाठीवर, एकटीच आली होती, हे बटण आत गेलंय म्हणून. बटण काही निघालं नाही, पण नकाशाचं मला तेव्हाच दिसलं. मी म्हटलं दोन मिनिटांत नीट करून देते, तर तिने यंत्र माझ्या हातातून ओढूनच घेतलं. एवढी वर्षं झाली, पण ती काय म्हणाली ते मी विसरलेले नाही. म्हणाली, 'नको, राहू दे. सरळ सापडलं की काका लगेच म्हणतात, चला, आता घरी जाऊ.'

ठमे, म्हणायचोच मी तसं. लिफ्टचं काम झालं की हत्यारं गोळा करून निघायचं, थांबून कुणाला त्रास द्यायचा नाही, हीच मला सवय. डबा सापडला, सही झाली, आता पुढे या मुलीबरोबर काय करायचं हे मला माहीत नसायचं म्हणून मी घरी जाऊ म्हणायचो. आणि तू पंधरा मिनिटांत शोधता येईल असा डबा माझ्याकडून तासभर शोधून घेत होतीस, माझी कंबर पुरती धरली की मगच तुला वास यायचा. बाईंच्या दुकानात मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी भाऊसाहेबांसाठी रडतोय असं समजून म्हणाल्या की काही माणसांना यंत्रांचा फार लळा लागतो. तेवढ्यात भाऊसाहेब विझले. मी बाईंना काही समजावत बसलो नाही.

सुरुवातीला लिहिलं की हे पत्र भाऊसाहेबांसाठी आहे. ते अर्धंच खरं. काल आई कपाटातले राहिलेले हँगर न्यायला आली होती. लिफ्टचं दार धरून मी उभा होतो, तेव्हा ती म्हणाली की सांगावं की नाही कळत नाही, पण ठमी मला विचारत होती, आता काकांना फोन केलेला चालेल का, की त्यांना अवघड होईल. मी दार सोडून दिलं आणि लिफ्ट आम्हाला न घेताच खाली गेली. म्हणजे महिनाभर मी इथे फोन हातात घेऊन बसलोय आणि तू तिथे. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र आहे. मला अवघड होणार नाही. तुझा फोन येत नाही तेव्हा अवघड होतं, आणि तुझी फार आठवण येते. तुझा काका मी काही कुठल्या कागदावरून झालेलो नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात ज्या कागदावर मी आणि आई सही करणार आहोत त्याने ते नातं जाणारही नाही. तू म्हणशील तोवर आहे. तुला चालणार असेल तर येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येतो. यंत्र नाही, डबा नाही, शोधायचं काही नाही. आपण दोघं नुसते बसू, बोलायला सुचलं नाही तरी बसू. आणि मी लगेच घरी जाऊ म्हणणार नाही.

तुझाच,
काका